बेरीचे पत्ते कोण ओळखणार?

आपल्या घरांत एकाच वस्तूला दोन नावे असणे ही नवी गोष्ट नाही. मूल शाळेत ‘कांदा’ म्हणते आणि घरी आले की ‘प्याज’ म्हणते. शाळेत ‘मीठ’, घरी ‘नमक’. यात काही बिघडत नाही, कारण कांदा आणि मीठ रोज समोर असतात. नाव कुठलेही घ्या, हात बरोबर त्याच डब्याकडे जातो. रानातल्या झाडापाल्याचे मात्र तसे नाही. मराठी नाव पाठ्यपुस्तकात राहिले, उर्दू नाव दादी-नानीच्या तोंडी राहिले, आणि ज्या झाडाची ही नावे ते झाड दोघांनाही जोडून दाखवणारे कुणी उरले नाही.

म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, फज्रनंतर, मी आठवीतल्या नऊ मुला-मुलींना घेऊन पुण्याच्या तळजाई टेकडीवर गेले. वनखात्याचे पाचगाव-पर्वती वनविहार ते हेच. सकाळी तिथे चालायला येणाऱ्यांची गर्दी असते, पण वाटेच्या कडेला काय उगवले आहे हे सहसा कुणी वाकून पाहत नाही. आमच्याबरोबर एका मुलीची दादी होती. वय सत्तरीच्या पुढे, जन्म अहमदनगरकडच्या खेड्यातला, चष्मा जाड, पण नजर तेज. सहलीचे पत्रक घरी गेले तेव्हा त्यांनीच नातीला सांगितले होते, “मेरे को भी ले चल. टीचर को आधे झाडों के नाम मालूम नइं होंगे.”

निघण्याआधी मी मुलांना तीन नियम सांगितले. काही तोडायचे नाही, काही तोंडात घालायचे नाही, आणि नाव सांगण्याआधी चार प्रश्नांची उत्तरे द्यायची. देठावर पाने कशी बसली आहेत, समोरासमोर की एकाआड एक? पान खाली गळलेले असेल तर त्याच्या मोडलेल्या देठावर चीक दिसतो का, आणि कोणत्या रंगाचा? फुलाला पाकळ्या किती? फळ कसे, गुळगुळीत की काटेरी? चीक बोटाला लावून पाहायचा नाही. रुईचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होऊ शकते. ही चार उत्तरे वहीत लिहिल्यावरच नावाचा विचार.

पहिलीच गंमत फुलांनी बहरलेल्या झाडांची. फाटकातून आत शिरताच दोन्ही बाजूंना पाने झडलेली, फिकट गुलाबी घोसांनी लगडलेली झाडे दिसली. मुलांनी लगेच ‘चेरी ब्लॉसम’ म्हणून फोटो काढायला सुरुवात केली. हे झाड जपानचे नाही. हा ग्लिरिसिडिया, मूळचा मध्य अमेरिकेतला. पुण्याच्या टेकड्या लवकर हिरव्या व्हाव्यात म्हणून वनखात्याने तो भरपूर लावला. मराठीत त्याला ‘गिरिपुष्प’ असे देखणे नाव आहे आणि ‘उंदीरमारी’ असे खरे बोलणारेही. त्याची साल आणि बिया उंदरांसाठी विषारी असतात. कौतुकाचे नाव आणि इशाऱ्याचे नाव, दोन्ही एकाच झाडाची.

थोडे पुढे एक पळस पेटलेला होता. दादी म्हणाल्या, “ये ढाक है. इसके फूल टेसू.” मी मुलांना विचारले, पळसावरची म्हण कोणाला येते? एका मुलाने सांगितली, “पळसाला पाने तीनच.” दादी हसल्या आणि म्हणाल्या, “हमारे में भी बोलते, ढाक के तीन पात.” मुले एकमेकांकडे पाहू लागली. मराठीच्या पुस्तकातली म्हण आणि घरातली म्हण एकच निघाली होती. मी त्यांना खालच्या फांदीवर उरलेले एक जुने पान दाखवले. एका देठाला तीन पर्णिका. कुठेही जा, पळसाला तीनच. या म्हणी ज्यांनी केल्या त्यांनी झाड नीट पाहिले होते. ओळखीची खूणच त्यांनी म्हणीत बांधून ठेवली.

वाटेच्या कडेला गाजरासारख्या पानांचे, बारीक पांढऱ्या फुलांचे गवत माजलेले होते. ते गाजरगवत. १९५५-५६ च्या सुमारास भारतात त्याची पहिली ठळक नोंद झाली ती पुण्यातच. अमेरिकेहून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. आज देशभर ते पसरले आहे. अनेकांच्या अंगावर त्याने खाज आणि पुरळ उठते, काहींना परागांमुळे सर्दी-दम्याचा त्रास होतो. एका मुलीला आठवले की उघड्या मैदानावर खेळून आल्यावर तिच्या भावाचे हात दरवर्षी लाल होतात आणि अम्मी ‘गरमी’ म्हणून सरबत देते. त्या मैदानात हेच गवत आहे का ते पाहा, असे मी तिला सांगितले. असेल तर डॉक्टरांना तेवढे नक्की सांगावे. झाड ओळखता आले की डॉक्टरांना काय सांगायचे तेही कळते.

पुढे एक कमरेएवढे झुडूप होते, मऊ लवदार पाने, पिवळी फुले, आणि गोल फळाला चाकासारखे दाते. दादींनी ओळखले, “कंघी.” मराठीत तिलाच पेटारी किंवा मुद्रा म्हणतात. एकाच फळात उर्दूला कंगवा दिसला, मराठीला शिक्का. दोन्ही नावे फळाकडे बघूनच पडलेली आहेत, त्यामुळे फळ पाहिले की दोन्ही नावे आपोआप लक्षात राहतात. तिच्या शेजारी जमिनीलगत एकदांडी पसरलेली होती. एका लांब दांडीच्या टोकाला एकच लहान फूल, म्हणून एकदांडी. खेड्यातली मुले खरचटल्यावर हिचा पाला चोळून लावतात.

पाण्याच्या नळाजवळ ओलावा होता. तिथे दादी थांबल्या. गुडघ्याएवढे रोप, पांढरी चिमुकली पाच पाकळ्यांची फुले, मधोमध पिवळा ठिपका, आणि वाटाण्याहून लहान फळांचे घोस, काही हिरवे, काही काळे. “मकोय!” त्या म्हणाल्या. “मेरी अम्मी सूजन पे इसका अर्क देती थी.” मुलांच्या वहीत मी मराठी नाव लिहून दिले, कामोणी. युनानी हकीम हिला ‘इनबुस्सालब’ म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ कोल्ह्याची द्राक्षे. दवाखान्यातल्या बाटलीवरचा ‘अर्क मको’ हाच.

इथे एका मुलाने पटकन विचारले, “टीचर, मग हे खाऊ शकतो?” प्रश्न अगदी योग्य होता. सगळा धोका याच प्रश्नात आहे. कामोणीची कच्ची हिरवी फळे विषारी असतात. शिवाय याच कुळातली भुईरिंगणी थोड्या अंतरावर उभी होती, पानांवर पिवळे काटे, जांभळी फुले, हिरवी पट्टेदार फळे, पिकल्यावर पिवळी. उर्दूत तिला कटेरी म्हणतात. दोघी एकाच घराण्यातल्या, पण एकीचे काम दुसरी करत नाही. हकीम अर्क देत, तो रोप ओळखून, मात्रा मोजून आणि रोग्याची नाडी पाहून. त्यांच्या हातातली अर्धी विद्या ओळखण्याची होती. आपण मोबाइलवर आलेला नुस्खा वाचतो तेव्हा फक्त उरलेली अर्धी आपल्यापर्यंत येते.

ओळख चुकली तर काय होते, याचे उदाहरण त्याच वाटेवर दहा पावलांवर होते. निळसर हिरवी, पांढऱ्या शिरांची काटेरी पाने, कागदासारखे पातळ पिवळे फूल. मराठीत पिवळा धोतरा, उर्दू-हिंदीत सत्यानाशी. गळलेल्या पानाच्या देठावर पिवळा चीक वाळलेला होता. ही मूळची मेक्सिकोतली वनस्पती. नावात धोतरा असला तरी ती धोतऱ्याच्या कुळातली नाही, खसखशीच्या कुळातली आहे. हिच्या काटेरी बोंडात काळपट बारीक बिया असतात, थेट मोहरीसारख्या. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांच्या तेलाची भेसळ झाली. पाय सुजणे, धाप लागणे अशी लक्षणे घेऊन हजारो लोक रुग्णालयांत आले आणि ६० हून अधिक माणसे दगावली. मी मुलांना बोंड उघडून दाखवले नाही. वाऱ्याने फुटलेले एक बोंड खाली पडले होते, तेच दुरून दाखवले. एक मुलगी म्हणाली, “ही तर अम्मीच्या फोडणीच्या डब्यातली मोहरी वाटते.” हेच त्यांनी लक्षात ठेवावे असे मला वाटत होते.

खरा धोतराही कुंपणापाशी होता. भोंग्यासारखे मोठे पांढरे फूल, आणि चेंडूसारखे काटेरी फळ. उर्दूत धतूरा. त्याचा प्रत्येक भाग विषारी असतो. लहान मुलांच्या हाती फळ लागून त्यांनी बिया खाल्ल्या तर तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मूल असंबद्ध बडबडू लागते. अशा वेळी लिंबू, ताक असले घरगुती उपाय करत बसू नये. मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि ज्या झाडाचे खाल्ले त्याचा तुकडा किंवा फोटो सोबत न्यावा. डॉक्टरांचा वेळ वाचतो, आणि अशा वेळी मिनिटेही महत्त्वाची असतात.

विसाव्याला आम्ही एका नीमच्या सावलीत बसलो. कोवळी तांबूस पाने नुकतीच फुटू लागली होती. समोर फुटपाथलगत आणखी एक झाड होते, जांभळट फुलांचे, आणि त्यावर गेल्या वर्षीची गोल पिवळी फळे घोसाघोसाने लटकलेली. दोन मुलांनी ‘हाही नीम’ म्हणून लिहूनही टाकले. दादी म्हणाल्या, “वो बकायन है.” मराठीत बकाण निंब. त्याची फळे माणसाला विषारी. मी मुलांना पुन्हा पानांकडे पाठवले. नीमच्या मधल्या देठाला दोन्ही बाजूंनी थेट पाने येतात. बकाणच्या मधल्या देठाला आधी पोटदेठ फुटतात आणि त्यांना पाने येतात. नीमचे फूल पांढरे, बकाणचे जांभळट. नीमची निंबोळी लांबट, बकाणचे फळ गोल.

आता या दोघांची शास्त्रीय नावे पाहा. नीम म्हणजे ‘अझाडिरॅक्टा इंडिका’, बकाण म्हणजे ‘मेलिया अझेडारॅक’. मी फळ्यावर लिहिते तसे वहीवर लिहून उर्दूच्या मुलांना विचारले, यात ओळखीचे काही दिसते का? कुणालाच दिसेना. मग हळूच वाचून दाखवले, ‘आझाद दरख्त’. फारसीतला हा शब्द युरोपच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी लॅटिन नावात घेतला. वर्गात उर्दूचा तास कंटाळवाणा म्हणणारा मुलगा त्या दिवशी तीन वेळा ‘आझाद दरख्त’ म्हणत होता. शास्त्राच्या पुस्तकात आपल्या घरातला शब्द सापडला की मुलाला ते पुस्तक परके वाटत नाही.

नीमवर एक वेल चढलेली होती, हृदयाच्या आकाराची पाने, बरीचशी गळलेली, आणि दोऱ्यांसारखी लोंबणारी मुळे. गुळवेल, म्हणजे गिलो. करोनाच्या काळात किती घरांत हिचा काढा उकळला हे तुम्हाला आठवत असेल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटले की गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ ही वेल घातक ठरू शकते. वाद तज्ज्ञांचा आहे, तो त्यांनी सोडवावा. आपण त्यातून एवढेच घ्यावे की दोन वेली इतक्या सारख्या दिसतात की फोटो पाहून किंवा शेजारणीने सांगितले म्हणून भिंतीवरची वेल तोडून उकळणे हा धोका आहे. क्रिस्पाच्या खोडावर फोडांसारख्या दाट गाठी असतात. तरीही औषध म्हणून काही घ्यायचे असेल तर ते वैद्य, हकीम किंवा डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि यकृताचा जुना आजार असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

परतीच्या वाटेवर एका वळणावर बोराचे झाड होते. दादींनी त्याला हात लावला आणि त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी मुलांना एक हकीकत सांगितली. त्यांच्या मोहल्ल्यात एका घरी मय्यत झाली होती. गुस्लच्या पाण्यात टाकायला बेरीचे पत्ते हवे होते. दोन तरुण मोटारसायकलवर गेले आणि अर्ध्या तासाने पिशवीभर पाला घेऊन आले. तो बाभळीचा होता. झाडाला काटे होते म्हणून त्यांना ती बेरी वाटली. “पूरी सर्दी बेर खाते,” दादी म्हणाल्या, “पर झाड किसका, ये देखा नइं.” बेरीचे झाड त्या घराच्या मागच्या गल्लीत उभे होते. कुणीतरी वयस्कर बाई उठून गेल्या आणि पत्ते घेऊन आल्या.

मुले गप्प होती. मग त्यांनीच, न सांगता, चार प्रश्नांची उत्तरे लिहायला घेतली. पाने एकाआड एक. पानाला बुडापासून निघणाऱ्या तीन ठळक शिरा. वरून हिरवे गुळगुळीत, खालून पांढरट लोकरीसारखे मऊ. काटे जोडीने, बहुधा एक सरळ आणि एक वाकडा. बाभळीची पाने याच्या उलट, कंगव्यासारखी बारीक बारीक चिरलेली. एकदा दोन्ही पाने शेजारी पाहिली की आयुष्यात गल्लत होणार नाही. बोराचे अरबी नाव सिद्र. अरबस्तानातले सिद्र याच कुळातले, थोड्या वेगळ्या जातीचे झाड आहे. आपल्याकडे तीच जागा बोराने घेतली.

ॲपबद्दल पालक नेहमी विचारतात. मोबाइलचा कॅमेरा धरला की झाडाचे नाव सांगणारी ॲप आहेत आणि ती उपयोगी आहेत. आम्हीही वापरली. कंघी त्याने बरोबर सांगितली. बकाणला मात्र त्याने आधी नीम म्हटले आणि फुलाचा फोटो दिल्यावरच नाव बदलले. ॲपचे उत्तर हा अंदाज असतो. तो पानाशी, फुलाशी, फळाशी ताडून पाहायचा. आणि ॲपला एक गोष्ट येत नाही. या रोपाला तुमच्या नानी काय म्हणत, हे ते सांगू शकत नाही.

वाचकहो, या महिन्यात घरातल्या मुलांसाठी एक काम सुचवते. एक साधी वही घ्या आणि प्रत्येक पानावर चार रकाने आखा. मराठी नाव, घरातले नाव, शास्त्रीय नाव, आणि ओळखीच्या खुणा. ‘घरातले नाव’ म्हणजे तुमच्या घरात जी बोली असेल ती. सोलापूर-मराठवाड्यात दखनी असेल, रत्नागिरी-रायगडात कोकणी असेल, खानदेशात आणखी वेगळी. चौथा रकाना सर्वांत आधी भरायचा, झाडासमोर उभे राहून. दुसरा रकाना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून. पहिला आणि तिसरा शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना विचारून. सह्याद्रीतल्या फुलांवर श्रीकांत इंगळहळीकर यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे सचित्र पुस्तक मोठ्या वाचनालयांत मिळते. त्यातले फोटो मुलांना फार आवडतात.

एका रविवारी पाच झाडे पुरेत. त्याहून जास्त केली की मुले नावे पाठ करतात आणि पाहणे सोडून देतात. उद्यानात काही तोडू नका. रस्त्याकडेची, गटाराजवळची भाजी, मग तो चांगला घोळ म्हणजे कुल्फा का असेना, खायला आणू नका. तिथे फवारणी, सांडपाणी, कुत्री सगळेच असते.

आणि दादी-नानी सोबत येऊ शकत असतील तर जरूर न्या. त्यांचे गुडघे दुखतील, वाटेत दोनदा बसावे लागेल. बसू द्या. जिथे त्या बसतील तिथे आजूबाजूला काय उगवले आहे ते विचारा. त्यांना माहीत असलेली नावे आपल्या पुस्तकांत पुरती उतरलेली नाहीत. वहीचे पहिले पान बोराचे करा. तुमच्या घरापासून सर्वांत जवळचे बोराचे झाड कुठे आहे ते शोधा, पत्ता लिहून ठेवा, आणि घरातल्या प्रत्येक तरुणाला एकदा तिथवर चालत नेऊन त्याच्या पानाची खालची बाजू दाखवा.